फायनलची रिव्हिजन बी

आमच्या कारखान्यात सर्किट बोर्डांचे आराखडे काढणाऱ्या माणसाला सगळे फायनल म्हणतात. प्रत्येक आराखड्याच्या कोपऱ्यात एक तक्ता असतो. काही बदललं की त्यात पुढचं अक्षर, तारीख आणि कारण लिहायचं. इतरांचे आराखडे बी, सी, डी करत एफपर्यंत जातात. फायनलच्या तक्त्यात सतरा वर्षांत 'ए'च्या खाली एकही ओळ भरली गेली नव्हती. याचा आपल्याला अजिबात गर्व नाही, असं तो दिवसातून दोनदा सांगायचा.

काम तसं किचकट. हाय फ्रिक्वेन्सी रिलेचे बोर्ड. रिले म्हणजे शेवटी एक स्विच, पण सिग्नल इतका चपळ की स्विच बंद असला तरी आजूबाजूने गुपचूप पलीकडे जातो. त्याला अडवायचं तर रेघांची रुंदी नेमकी हवी, वळणं गोल हवीत आणि रिलेच्या ग्राउंडच्या, म्हणजे अर्थिंगच्या, पिना बोर्डावरच्या तांब्याच्या थराला घट्ट जोडलेल्या हव्यात. फायनल हे घरीही पाळायचा. टीव्हीची वायर त्याने कपाटामागून अशी गोल वळवून नेली की तिथे झाडू जाईना. वर्षभर तिथला कचरा वहिनींनी हाताने काढला.

वहिनी म्हणजे त्याच्या थोरल्या भावाची बायको. घर एकच, कारखानाही एकच. त्या खाली सोल्डरिंगला, हा वर कॉम्प्युटरसमोर. याला इथे चिकटवलं तेही त्यांनीच. हा वहिनी म्हणतो म्हणून सगळा कारखाना वहिनी म्हणतो, मॅनेजरसुद्धा. तेवीस वर्षांचा मुरलेला हात. मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर टेस्टिंग करतो.

मार्चमध्ये आठ रिलेंचा नवा बोर्ड आला. पहिले दहा झाल्यावर वहिनी एक घेऊन वर गेल्या. ग्राउंडच्या पिना तापतच नाहीत, तांबं सगळी उष्णता ओढून घेतं, पिनेभोवतीचं तांबं काढून चार बारीक पट्ट्याच ठेवा, असं त्यांनी सांगितलं. फायनलने मान वर केली नाही. पट्ट्या ठेवल्या तर सिग्नल गळेल, सोल्डरिंगचं आयर्न नीट तापवा, म्हणाला. घरी जेवताना दोघांनीही हा विषय काढला नाही. त्या घरात कामाचं बोलणं कामावरच ठेवतात, आणि मग ते तिथेच नासतं.

बोर्ड माझ्याकडे येऊ लागले. गिऱ्हाइकाची अट साठ डेसिबलची, म्हणजे बंद रिलेने सिग्नल निदान तेवढा अडवायचा. चांगले बोर्ड चौसष्ट देत होते, पण प्रत्येक लॉटमध्ये तीन-चार सत्तेचाळीसवर येऊन बसायचे. भिंगाखाली पाहिलं तर ग्राउंडच्या पिनांवरचं सोल्डर मातकट, कोरडं. त्याला रकाना ठरलेला आहे, लॉटमागे एक नोंद: सोल्डरिंगचा दोष. तीन महिन्यांत अशा तीन नोंदी झाल्या की सोल्डरिंगच्या परवानगीचं कार्ड जातं आणि माणूस पॅकिंगला बसतो. तिन्ही नोंदींवर सही माझी. वहिनींचा हात चुकत नाही हे मला चांगलं ठाऊक होतं. दुसरा रकाना नव्हता, असं मी स्वतःला सांगितलं. अजून लाज वाटते.

शुक्रवारी नोटीस लागली. सोमवारपासून वहिनी पॅकिंगला. त्यांनी टेबल पुसलं, भिंगावर फडकं घातलं आणि जेवायला गेल्या.

तेवढ्यात फायनल खाली आला, तो आयर्न नीट तापवलं की सोल्डर बसतं हे सिद्ध करायला. वहिनींच्या खुर्चीत बसून त्याने आयर्न चांगलं तापवलं आणि एका पिनेवर बारा मिनिटं धरलं. बोर्ड तपकिरी झाला, फायनल लाल झाला, सोल्डर कोरडंच राहिलं. मी मदत केली नाही. मला बरं वाटत होतं.

मग त्याने ब्लेड मागितलं. दुसरा बोर्ड घेऊन प्रत्येक ग्राउंडच्या पिनेभोवतीचं स्वतःच आखलेलं तांबं खरवडून काढलं, चार-चार पट्ट्या ठेवल्या. आता तीन सेकंदांत सोल्डर चकचकीत पसरलं. मी मोजलं. बासष्ट. त्याने पुन्हा मोजायला लावलं, मग आणखी एकदा. बासष्टच.

"साठच मागितले होते ना?" त्याने विचारलं.

"साठच."

"मग चौसष्ट कुणाला पाहिजे होते?"

ज्याला पाहिजे होते तो समोरच बसला होता.

बदल तक्त्यात नोंदवायला आम्ही मॅनेजरांकडे गेलो. मॅनेजर समजूतदार. 'उत्पादनाच्या सोयीसाठी' असं कारण लिही, सगळे तेच लिहितात, म्हणाले. पण त्या कारणाने वहिनींच्या नोंदी तशाच राहणार होत्या. कार्ड परत मिळायचं तर चूक आराखड्याची, असं लिहायला हवं होतं, आणि तो कागद फाइलमध्ये कायमचा राहतो. फायनल पेन धरून बसला. चहा आला, गार झाला. मग त्याने लिहिलं: रिव्हिजन बी. आराखड्यात चूक. वहिनींनी मार्चमध्ये सांगितलं होतं, मी ऐकलं नाही. रकाना लहान, त्यामुळे शेवटचे शब्द चौकटीबाहेर गेले. एवढं कशाला, मॅनेजर म्हणाले. जेवढं झालं तेवढंच लिहिलंय, तो म्हणाला.

मी माझ्या तिन्ही नोंदी खोडून खाली सही केली.

सोमवारी वहिनी आपल्या खुर्चीत बसल्या. नवा आराखडा वाचून वहिनींनी सही करायची असते, म्हणून फायनलने तो स्वतः खाली आणला. वहिनींनी चष्मा लावला आणि कोपऱ्यातली ती ओळ वाचायला बराच वेळ घेतला. सही केली. मग म्हणाल्या, "भावजी, पिनांची भोकंही घट्ट असतात. दाबून बसवाव्या लागतात. तुमच्या सगळ्याच बोर्डांत. सतरा वर्षं."

इतकी वर्षं बोलला का नाहीत, हे विचारायला फायनलने तोंड उघडलं आणि मिटलं. स्टूल ओढून तो त्यांच्या शेजारी बसला.

"किती मोठी करू?" म्हणाला.