बाबांच्या बोटापुढे टिकेल अशी फाइल सिस्टिम

गल्लीतली फोटोवाली दुकानातला कॉम्प्युटर चालवणाऱ्या लिनक्सवर जीव टाकायची आणि आपल्या बाबांवर त्याहून जास्त, पण लिनक्सचं आणि बाबांचं आपसांत विळ्याभोपळ्याचं सख्य. बाबा जन्मभर वायरमन. माणूस नाही तिथे दिवा दिसला की त्यांचं बोट बटणावर गेलंच म्हणून समजा. आई न्हाणीघरात साबण शोधत असतानासुद्धा त्यांनी तिला अंधारात ठेवलेलं आहे.

दुकानात तेच. लेक गिऱ्हाइकाशी बोलायला बाहेर गेली की आतल्या खोलीचा मेन स्विच खाली. तिनं यूपीएस आणला. तो टीं-टीं करतोय म्हणून बाबांनी त्याचंही बटण दाबून त्याला गप्प केलं! असंच एकदा शाळेच्या एका अख्ख्या वर्गाचे फोटो कॉम्प्युटरनं गिळले. पुन्हा काढायला गेली तोवर पुढच्या रांगेतल्या तिघांचे दात पडले होते. मुख्याध्यापिका फोटो न्याहाळत म्हणाल्या, "वर्ग तोच आहे ना?"

त्या संध्याकाळी फोटोवालीचा तोल गेला. "बाबा, माझ्या दुकानात पाऊल ठेवू नका!"

आणि बाबांनी ठेवलं नाही. "या हो," असं तिनं म्हटलं तर म्हणायचे, "घरीच बरंय. तुझं नुकसान नको." दुकानातलं त्यांचं स्टूल रिकामं पडलं. फोटोवालीला ते बघवेना. सत्तरीतले बाबा काही बदलायचे नाहीत, तेव्हा फाइल सिस्टिमच बदलायची, असं तिनं ठरवलं. डिस्कवर कुठली फाइल कुठे ठेवायची हे सांभाळणारी व्यवस्था ती. मध्येच वीज गेली तरी ती खमकी राहिली की झालं.

कॉम्प्युटर दुरुस्त करणारा तिचा शाळासोबती म्हणाला, "ईएक्सटी-फोर घे. जुनीजाणती आहे. काय करणार ते आधी टिपून ठेवते, धडपडली तरी उठते. नाहीतर बीटीआरएफएस. ती नवा फोटो नीट टांगल्याशिवाय जुना खिळ्यावरून काढत नाही. शिवाय फोटो नासला तर गुपचूप दाखवत नाही, बोंब मारते."

"बोंब मारणारी बरी. पण तू आमच्या बाबांचं बोट पाहिलेलं नाहीस."

तिनं यूपीएस काढून ठेवला, डिस्कचे दोन भाग करून दोन्ही मांडल्या आणि घरी जाऊन म्हणाली, "बाबा, कामाला माणूस हवाय. मी कॅमेऱ्यातले फोटो कॉम्प्युटरवर उतरवत असेन, तुम्ही मनात येईल तेव्हा मेन स्विच पाडायचा."

बाबा इस्त्रीचा शर्ट घालून, खिशात टेस्टर खोचून हजर झाले. स्विचपाशी उभे राहिले, हात वर नेला आणि खाली आणला.

"पाडा की!"

"अगं, तू काम करतेयस."

"म्हणून तर पाडायचा!"

"चालू कामात? मी आयुष्यात कुणाचं चालू काम बंद पाडलेलं नाही."

फोटोवाली कपाळाला हात लावून बसली. घ्या! चेष्टेनं, रागानं, लाडीगोडीनं सांगून झालं, बोट काही हलेना. शेवटी बाहेर कुणीतरी हाक मारली म्हणून ती उठली.

खट्!

अंधार. शेजारच्या न्हाव्याची लाइन त्याच स्विचवर होती, त्याचं मशीन बंद पडलं. अर्ध्या दाढीचं गिऱ्हाईक टॉवेलासकट दारात आलं. आत बाबा पांढरेफटक पडलेले. "खुर्ची रिकामी दिसली गं... पुन्हा केलं मी."

"केलंत! बाबा, केलंत!" ती आनंदानं नाचायलाच लागली. कॉम्प्युटर सुरू केला. बीटीआरएफएसवरचे फोटो शाबूत, फक्त उतरत असलेला एक अर्धवट. मग काय, दुपारभर धुमाकूळ. ती मुद्दाम उठायची, बाबांचं बोट आपोआप चालायचं, न्हावी पलीकडून ओरडायचा, "गिऱ्हाइकाचा कान जाईल हो माझ्या हातून!" ईएक्सटी-फोरही सावरत होती, पण कुठला फोटो आतून नासलाय हे ती सांगेना. बीटीआरएफएसनं एकदा ठणाणा केला, "ही फाइल खराब आहे," आणि फोटोवालीनं टाळ्या वाजवल्या. बाबासुद्धा हसायला लागले, खोकला येईपर्यंत हसले.

संध्याकाळी तिनं बीटीआरएफएस पक्की केली, फोटोंची दुसरी प्रत बाहेरच्या डिस्कवर काढली आणि ती डिस्क कपाटात ठेवली. एवढी अक्कल तिला दातांनी शिकवली होती. बाबांनी टेस्टर पुसून खिशात ठेवला.

"झालं ना तुझं काम? मग उद्यापासून मी घरीच."

तिनं त्यांचं स्टूल उचललं आणि मेन स्विचच्या बरोब्बर खाली नेऊन ठेवलं.

"इथं बसायचं. हे सगळं कशासाठी केलं मग?"

बाबांनी स्टूलावर बसून पाहिलं, जरा सरकले, नीट टेकले. तेवढ्यात ती चपला घालायला बाहेर गेली.

खट्!