हळदीखालची रेघ

शिंगाळा माशाचा काटा हाताला लागणं आमच्या किनाऱ्यावर नवलाचं नाही. थळच्या बाजूचे, बोट चालवणारे तांडेल तर त्याचा उच्चारही करत नाहीत. गरम पाण्यात हात बुडवतात आणि जाळ्याला लागतात. म्हणून खाडीत काटा लागलेला, बायकोने आमच्या आरोग्य केंद्रात ओढत आणलेला एक तांडेल, नर्स म्हणून मी मनगटाला नुसतं बोट लावताच डोळ्यांत पाणी आणून मागे सरला, तेव्हा मला ते साधं वाटलं नाही. जखम तांदळाच्या दाण्याएवढी होती आणि दुखणं आवरत नव्हतं.

डॉक्टरांनी सलाइन, इंजेक्शनं सुरू केली आणि ते लसीकरणाला शेजारच्या गावी गेले. जखमेभोवतीची लाली किती पसरते ते कळावं म्हणून मी तिच्या कडेने पेनाने रेघ ओढून ठेवली.

दुपारी बघते तर रेघ गायब. बायकोने मायेने हात पुसून कोपरापर्यंत हळद थापली होती. आमच्याकडे मार लागला की हळद, मुरगळलं की हळद. मी हळद धुतली, पण पिवळेपणा राहिला आणि खालची लाली कुठवर गेली ते दिसेना.

मग मी हाताने चाचपत वर गेले. कोपराच्या वरही कातडी तापलेली, ताठ लागत होती. नाडी पळत होती, रक्तदाब उतरला होता. सकाळपासून बोटीच्या नावाने खेकसणारा माणूस आता गप्प पडला होता, आणि मला ओरडणाऱ्यापेक्षा गप्प झालेल्या पेशंटची जास्त भीती वाटते. डॉक्टरांना फोन केला. त्यांनी ऐकून घेतलं आणि लगेच अलिबागला हलवायला सांगितलं.

बायको तयार होईना. नारळी पुनवेनंतर बोट पहिल्यांदाच निघणार होती, आणि तांडेलाशिवाय ती कशी निघणार. उद्या बघू म्हणाली. विष आत मांसात पसरतंय, रक्तात उतरेल, असं मी शांतपणे समजावत राहिले. पेशंटसमोर चेहरा हलू द्यायचा नाही, हे आमच्या अंगात मुरलेलं असतं. ती माझं बोलणं ऐकत नव्हती, तोंडाकडे बघत होती.

"खरा सांग बाय," ती म्हणाली, "तू घाबरलीस काय?"

माझा आवाज फुटला. "हो. हातासाठी नाही, त्यांच्या जिवासाठी."

तिने नवऱ्याचा चांगला हात स्वतःच्या खांद्यावर घेतला आणि त्याला उठवलं.

तो वाचला. दोन बोटं गेली. पुढे बाजारात भेटली तेव्हा तिने सांगितलं, माझ्या समजावण्यातलं तिला एक अक्षर कळलं नव्हतं. मी इतकी शांत होते की सगळं ठीकच असेल, असं तिला वाटत होतं.

त्या दिवसाची भीती केव्हाच गेली. आता वेगळीच आहे. तिने विचारलं नसतं, तर मी तशीच शांतपणे समजावत राहिले असते.