‘स्टेला’ला आधी सोडलं

“परब, प्रॉब्लेम सिंपल आहे,” करंदीकर डॉक्टर म्हणाले. “स्टेला फार स्लो आहे.”

कमिटी रूममधल्या सगळ्यांनी माना डोलावल्या. मी दाराजवळच्या खुर्चीवर बसलो होतो. सेलिंग मॅनेजर कमिटीत नसतो, कमिटीसमोर असतो. स्टेला स्लो आहे हे मला नवीन नव्हतं. ती माझ्या नोकरीच्या पहिल्या दिवसापासून स्लो होती, आणि तोवर कोणाला त्याचा प्रॉब्लेम वाटला नव्हता.

मुंबई बंदरातल्या एका सेलिंग क्लबात मी नोकरी करतो. क्लबचं नाव सांगत नाही, कारण नोकरी अजून चालू आहे. मी लालबागचा. वडील गिरणीत होते. शिडाच्या बोटी सांभाळायचा कोणी पगार देतं, हे त्यांना शेवटपर्यंत पटलं नाही. लोकांना वाटतं की मी दिवसभर समुद्रावर असतो. प्रत्यक्षात माझं निम्मं काम लग्नघरातल्या मामासारखं असतं. कोणाला कोणाशेजारी बसवायचं, कोण रुसलंय, कोणाला बोलवायचं राहिलं, हे सगळं माझ्याकडे.

आमचा सीझन दसऱ्याच्या सुमारास सुरू होतो आणि पावसाच्या आधी संपतो. पावसाळ्यात बोटी वर काढून झाकून ठेवतात. मधल्या महिन्यांत ओपनिंग डे, नाताळचा डान्स, शेवटी एक डिनर, आणि महिन्यातून एका रविवारी ग्रुप क्रूझ. क्रूझ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर कॅसिनोवालं मोठं जहाज येतं. तसलं काही नाही. आमच्या क्रूझमध्ये सात-आठ शिडाच्या बोटी मिळून बंदरापलीकडे मांडव्याला जातात, जेवतात आणि संध्याकाळच्या आत परत येतात.

जेवण होतं ते राफ्ट-अपमध्ये. एक बोट नांगर टाकते. बाकीच्या येऊन तिच्या दोन्ही अंगांना लागतात आणि एकमेकींना दोरांनी बांधून घेतात. बोटी घासू नयेत म्हणून मध्ये फेंडर सोडायचे, म्हणजे रबराच्या मोठ्या उशा. एकदा असं बांधून घेतलं की चाळीच्या गॅलरीतून फिरावं तसं या डेकवरून त्या डेकवर फिरता येतं. एकाचं लोणचं, दुसऱ्याची कोशिंबीर, तिसऱ्याचा स्पीकर. वर्षभर फक्त गुड मॉर्निंगचे मेसेज टाकणारी माणसं तिथे मांडीला मांडी लावून जेवतात.

आणि क्रूझचा एक जुना नियम होता. सगळ्यात हळू बोट सगळ्यात पुढे. तिला कोणी ओव्हरटेक करायचं नाही. तिच्या वेगाने सगळ्यांनी जायचं, शिडं थोडी सैल सोडायची, गप्पा मारायच्या. सगळ्यात हळू बोट म्हणजे स्टेला.

स्टेला फिलूमावशींची. गिरगावातल्या खोताच्या वाडीत त्यांचं लाकडी घर आहे. त्यांच्या मिस्टरांनी रे रोडच्या वखारीतून सागवान निवडून आणून ही बोट बांधून घेतली होती. ते गेल्यावर मावशी बोट विकतील असं सगळ्यांना वाटलं. त्यांनी सुकाणू हातात घेतलं आणि मदतीला दीर रॉकी यांना बसवलं. रॉकी फारसे बोलत नसत. मावशींच्या समोर त्यांना तशी संधीही नव्हती. सत्तरी ओलांडलेली ही बाई चष्म्याला दोरी बांधून, टोपी घालून सगळ्यांच्या पुढे असायची. राफ्ट-अपला नांगर तिचाच. जेवणही बरंचसं तिचंच. तळलेले गोल फुगे, बाटल्यांत भरून ठेवलेल्या घरच्या बॉटल मसाल्यातलं चिकन, आणि शाकाहाऱ्यांसाठी वेगळ्या पातेल्यात बटाटे. फुग्यांना हात घातला की विचारायच्या, “पाय धुतलेस काय?” हात सोडून आधी पाय का, हे मला कधी कळलं नाही.

मग क्लबात नवीन मेंबर आले. त्यांच्या फायबरच्या बोटी जरा वारा लागला की पळत सुटायच्या. त्यांना शिडं सैल सोडून स्टेलाच्या मागे रेंगाळायचा कंटाळा येऊ लागला. ग्रुपवर एकाने लिहिलं, “सेलिंग आहे की मिरवणूक?” खाली हसरी तोंडं. लालबागच्या माणसाला मिरवणुकीचं काय वावडं असणार? पण मी गप्प बसलो, पगारी माणसाने ग्रुपवर विनोद करू नयेत.

तर त्यावर ही मीटिंग. करंदीकर डॉक्टर आमचे क्रूझ कॅप्टन. दादरचे, हाडांचे डॉक्टर, स्वभावाने अत्यंत सज्जन. कोणाला दुखवणं त्यांना जमत नाही. म्हणून त्यांनी असा उपाय काढला की ज्याने कोणीच दुखावलं जाऊ नये.

“स्टेलाला आपण आधी सोडू. तासभर हेडस्टार्ट. बाकीचे नंतर आपापल्या स्पीडने निघतील. मांडव्याला सगळे एकाच वेळी. काय परब?”

“साहेब, मग मावशी एकट्या जातील.”

“एकट्या कुठे? रेडिओ आहे ना! आणि जेवायला आपण सगळे एकत्रच.”

“पण साहेब, एकत्र जायचं म्हणून तर क्रूझ...”

“परब, तुम्ही इमोशनल होताय,” डॉक्टर हसून म्हणाले. ठराव पास झाला. मावशींना फोन करायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं.

मी बराच वेळ इकडचं तिकडचं बोलत राहिलो. शेवटी त्याच म्हणाल्या, “अरे बोल ना, काय झाला?” मी सांगितलं.

“बरा हाय की,” त्या म्हणाल्या. “माज्यामुळे पोरांना उगाच उशीर. मी पुढे जाऊन टेबल लावते. तू काय टेन्शन घेतोस?”

मला हायसं वाटलं. आता वाटतं, त्या जरा भांडल्या असत्या तर फार बरं झालं असतं.

क्रूझच्या दिवशी सकाळी स्टेला एकटीच निघाली. मी जेट्टीवर उभा होतो. मावशींनी नेहमीप्रमाणे मागे वळून हात केला. एरवी त्या हाताला मागच्या सगळ्या बोटींवरून आरोळ्या यायच्या. त्या दिवशी फक्त मी होतो. मीही हात केला.

बाकीच्यांनी स्टेला गेल्यावर तासाभराने निघायचं होतं. पण एकत्र निघायचं कारणच उरलं नव्हतं, त्यामुळे कोणी एकत्र निघालं नाही. एकाचा नाश्ता चालू होता. एकाचं पुढचं शीड अडकलं, उघडेच ना. मी सेफ्टी बोटीवर. सेफ्टी बोट म्हणजे इंजिनची रबरी बोट, कोणाचं काही अडलं तर मदतीला. तिचा नियम असा की सगळ्यात शेवटच्या बोटीबरोबर राहायचं. म्हणून मी त्या अडकलेल्या शिडापाशी अडकलो. एरवी शेवटची बोट आणि स्टेला एकाच घोळक्यात असायच्या. आता त्यांच्यामध्ये अख्खं बंदर होतं.

दुपारचा वारा त्या दिवशी झकास लागला. फायबरच्या बोटी उधळल्या. तेवढ्यात रेडिओवर बोलणं सुरू झालं. बोटींवरच्या रेडिओचं एक लक्षात ठेवा, तो फोनसारखा नसतो. एक बोलला की त्या चॅनेलवरच्या सगळ्यांना ऐकू जातं.

“डॉक्टर, काय वारा आहे! मांडव्याला थांबायचं म्हणजे पाप आहे.”

“पुढे किहीमपर्यंत मारूया का?”

“चलो! येताना थांबू.”

मी बटण दाबलं. “सर, मांडव्याला लंच रेडी आहे. स्टेला वाट बघतेय.”

“परब, येताना नक्की थांबतो,” डॉक्टर म्हणाले. “मावशींची हरकत नसणार. त्या काही बोलल्या का?”

स्टेलाकडून काहीच आवाज नव्हता. डॉक्टरांनी ती संमती समजली. सगळे पुढे गेले, आणि नियमाप्रमाणे मीही त्यांच्यामागे गेलो.

येताना वारा समोरून होता. शिडाच्या बोटीला समोरच्या वाऱ्यात सरळ जाता येत नाही. तिरकं जायचं, वळायचं, पुन्हा तिरकं जायचं. त्यात वेळ खूप जातो. ऊन उतरायला लागलं, कोणाच्या मुलांना उलट्या सुरू झाल्या, कोणाचं संध्याकाळी लग्नाचं रिसेप्शन. मांडव्याच्या बाजूला वळायचं कोणी नावच काढेना. एकेक बोट सरळ क्लबकडे निघाली. माझा जीव खाली-वर होत होता. बंदराच्या आत शिरल्यावर मी डॉक्टरांना विचारलं आणि सेफ्टी बोट मांडव्याकडे वळवली.

स्टेला नेहमीच्या जागी उभी होती, जेट्टीपासून जरा दक्षिणेला. लांबून मला तिचे फेंडर दिसले. दोन्ही बाजूंना, पुढून मागेपर्यंत, सगळेच्या सगळे सोडलेले होते. मावशी जाड कॅनव्हास शिवून घरीच फेंडर करायच्या, कारण रबराने सागवानावर डाग पडतात म्हणे. ते पांढरे फेंडर पाण्यात हलत होते. त्यांना लागायला एकही बोट नव्हती.

डेकवर पातेली झाकून ठेवली होती. रॉकी दोर आवरत होते. मावशी चष्मा पुसत होत्या.

“ये रे. जेवलास काय?”

“मावशी, सॉरी. ते सगळे...”

“किहीमला गेले. ऐकला मी. सगळा ऐकला.”

“मग तुम्ही रेडिओवर बोललात का नाही? एक शब्द बोलला असतात तर डॉक्टर थांबले असते.”

“काय बोलू? इकडे या, जेवायला या, म्हणून हाका मारू? पोरं हाताशी असती तर मी बोलली असती.” त्यांनी फुग्यांवरचा फडका काढला. “बस. पाय धुतलेस काय?”

मी जेवलो. फुगे थंड झाले होते. चवीचं मला काही सांगता येणार नाही. नंतर स्टेलाबरोबर हळूहळू परत आलो, माझं इंजिन जवळजवळ बंद ठेवून. त्या दिवशी तीच शेवटची बोट होती, त्यामुळे नियमही मोडला नाही.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांनी मावशींना स्वतः फोन केला, माफी मागितली, फुलं पाठवली. मनापासूनच. सीझनच्या शेवटच्या डिनरला मावशींचा सत्कार करायचंही ठरलं. मावशी आल्या नाहीत. गुडघ्याचं कारण कळवलं. मग सगळ्यांनी हाडांच्या डॉक्टरांकडे पाहिलं, आणि डॉक्टर ताटाकडे बघत राहिले.

पावसाळा संपत आला तसा मी खोताच्या वाडीत गेलो. बोट पाण्यात उतरवण्याआधी रंगवावी लागते, ते विचारायचं निमित्त. मावशींनी कॉफी केली.

“यंदा नको रे रंग.”

“गुडघे?”

“गुडघे बरे हायत.”

“मावशी, त्या दिवसाचा राग धरलात का?”

“राग नाय. राग आला असता तर मी रेडिओवर सगळ्यांना झाडलाच असता.” त्या खिडकीबाहेर बघत होत्या. “लाज वाटली मला. एवढा जेवण करून, सगळे फेंडर टाकून बसली. येणाऱ्या-जाणाऱ्या लाँचवाले बघत होते. इतकी वर्षं मला वाटायचा, ही पोरं माज्याबरोबर येतात. ती तर माज्यामागे अडकलेली होती.”

असं नाही, हे मी त्यांना तीन-तीनदा सांगितलं. त्या मान हलवत राहिल्या. निघताना त्यांनी सगळे कॅनव्हासचे फेंडर क्लबसाठी माझ्या हवाली केले. ते घेऊन गिरगावातून टॅक्सीत बसलो तेव्हा मला रडू आलं. टॅक्सीवाल्याने विचारलं, “क्या है ये, गद्दी?” मी हो म्हणालो.

स्टेला त्यानंतर पाण्यात उतरली नाही. ती क्लबच्या यार्डात ताडपत्रीखाली आहे. विकायचं मावशी म्हणत नाहीत, उतरवायचंही म्हणत नाहीत.

कमिटीने पुढच्या सीझनला जुना नियम परत आणला. सगळ्यात हळू बोट सगळ्यात पुढे. मिनिट्समध्ये एकमताने मंजूर. अडचण एवढीच की आता सगळ्यात हळू बोट कोणती हे ठरत नाही. प्रत्येक क्रूझच्या आधी मी विचारतो, आणि प्रत्येक मेंबर दुसऱ्याच्या बोटीकडे बोट दाखवतो. ते काम इतकी वर्षं एक बाई हसत करत होती, हे कोणाच्या ध्यानातही आलं नव्हतं. माझ्याही नाही.

नवीन क्रूझ कॅप्टन आले की मी त्यांना ही गोष्ट सांगतो. हळू बोटीला पुढे ठेवायचं की आधी पाठवायचं, एवढाच प्रश्न होता. कागदावर दोन्हीत काही फरक नव्हता, दोन्हीत स्टेला पुढेच होती. कमिटीला तेवढं पुरलं.