जिना माझा, टीव्ही नानाचा

माझा मोठा भाऊ नाना गेला तेव्हा मी घराच्या धाब्यावर, वरच्या गच्चीवर, टीव्हीच्या अँटेनाचा पाईप धरून उभा होतो आणि मनातल्या मनात त्यालाच शिव्या घालत होतो. चित्र गेलं म्हणून खालून त्यानंच आवाज दिला होता. मी पाईप फिरवला, आलं का म्हणून विचारलं, "चित्र उनं का?" उत्तर नाही. अजून फिरवला. "उनं का रे?" नाही. म्हटलं, मला वर उभा करून मजा बघतोय. मग वहिनीची किंकाळी आली... खुर्चीत बसल्या बसल्या गेला. आणि मी? पाईप सोडलाच नाही. सोडला तर चित्र जाईल असं वाटलं. आहे की नाही गाढव?

मला लिहिता येत नाही. मी बोलतोय, नानाची पोरगी लिहितेय. फुटाणे विकणाऱ्याचं पेपरात काय येणार... पण ती संध्याकाळ डोक्यातून जातच नाही.

देवपुरातलं आमचं घर. वडील गेल्यावर दोघं मोरीच्या पाण्यावरनं भांडलो आणि मधे भिंत घातली. वाटणीत टीव्ही नानाकडं गेला, जिना माझ्याकडं आला. जिंकलो म्हणून मी गल्लीत पेढे वाटले! जिन्यावर बसून काय बघणार, हे पेढे संपल्यावर कळलं. बोलणं तेव्हापासून बंद. पण ती दोन श्रीमंत भावांची मालिका लागली की अख्खी गल्ली नानाच्या घरात, आणि मी बाहेर खिडकीशी, टोपली घेऊन, धंदा करतोय असं दाखवत. ते भाऊ कारखान्यावरनं भांडायचे, मोटारीतून उतरून भांडायचे, इस्त्रीचे कपडे घालून रडायचे. आम्ही मोरीवरनं, लुंगीत. पण रडणं तेच. एवढा बंगला असून यांनाही भाऊ सांभाळता येत नाही, हे बघून लई बरं वाटायचं. नाना मोठ्याच्या बाजूचा. मला ऐकू जाईल असं म्हणायचा, "हाऊ धाकला एकदम येडा शे!" मी खिडकीतून म्हणायचो, "मोठाले तरी कोठे अक्कल शे!" लोक पडदा सोडून आमच्याकडंच बघायचे.

मग चित्र जायचं, नाहीतर एकाचे दोन दिसायचे. नाना ओरडायचा, "दोन दोन सासवा दिखी राह्यन्यात!" अँटेना धाब्यावर आणि जिना माझा, म्हणून मीच चढायचो. "उनं का?" "नही!" "आते?" "उनं!" सगळ्या आठवड्यात आमचं बोलणं तेवढंच.

नानाचे तेरा दिवस झाल्यावर वहिनी म्हणाली, "भाऊजी, त्या दिवशी चित्र गेलंच नव्हतं."

"मग?"

"चांगलं दिसत होतं. बऱ्याचदा चांगलंच असायचं. मी म्हणायचे, कशाला चढवता त्यांना उगाच? तर म्हणायचे, चढू दे, जिना त्यानाच शे."

मी हसलो. मला दुसरं काय येतं? हसता हसता तिथंच खाली बसलो.

काल मालिकेची वेळ झाली. त्या दोघा भावांचं काय झालं ते बघायला हवं, म्हणून वहिनीनं टीव्ही लावला. गल्लीतलं कुणी आलं नव्हतं. मी वर गेलो, पाईप धरला आणि भलतीकडंच फिरवला. चित्र नक्की गेलं असणार. थांबलो... खालून कुणी ओरडलं नाही. मग मीच विचारलं, "उनं का, नाना?"

खाली वहिनीनं टीव्ही बंद केला.

पाईप मी अजून सरळ केलेला नाही.