गाता-गाता आणि खुळखुळ

हे किस्से मला खरोखर आठवतात, की सांगून सांगून मीच ते घडवलेत, याची मला खात्री नाही. परवा तेव्हाच्या कारखान्यातल्या बापूला फोन करून एक तपशील विचारला, तर त्याने तिसरंच काहीतरी सांगितलं! पण दुभाष्याकडे असं साठत जातंच. दोन्हीकडचं बोलणं त्याच्यातून वाहून जातं आणि गाळ तेवढा उरतो.

विद्यापीठात जपानी शिकवून निवृत्त झालो आणि शिरूरजवळच्या एका कारखान्यात दुभाषा म्हणून लागलो. तिथे गिअरच्या छोट्या बंद पेट्या बनत. जपानहून निशिदासाहेब आले होते ते एकच गोष्ट ठरवायला: पेट्यांची शेवटची तपासणी इथेच ठेवायची की दुसरीकडे न्यायची. तपासणीच्या टेबलावर सहा बायका आणि दौंडचा बापू. टेबल गेलं की सातही जणांचं काम गेलं. आणि साहेबांचा प्रत्येक शब्द त्यांच्यापर्यंत पोचणार तो माझ्या तोंडून!

*

पहिल्याच दिवशी साहेबांनी एक पेटी उचलली, तिचा दांडा हलवून पाहिला आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "गाता-गाता!"

सहा बायकांतल्या, मांडवगण फराटा गावच्या शकुंतलाबाईंनी हळूच विचारलं, "सर, गाता गाता काय करायचं?"

मी घाईघाईने समजावलं. गाता-गाता म्हणजे ढिल्या वस्तूचा आवाज. नादावरून झालेले असे शब्द जपानीत ढिगाने आहेत, आवाज नसलेल्या गोष्टींसाठीसुद्धा आहेत... मी वीस मिनिटं बोललो असेन.

बापू म्हणाला, "म्हंजी खडखडतंय, एवढंच ना? सर, तेवढ्यात चाळीस पेट्या झाल्या असत्या!"

*

साहेब कधी 'गाता-गाता' म्हणत, कधी 'काता-काता'. बायकांना वाटलं, साहेब शब्द बदलतात. मी म्हटलं, दोन्ही वेगळे आहेत. पण फरक सांगायला गेलो आणि अडखळलो. गंमत म्हणजे माझा प्रबंध याच विषयावर होता!

शकुंतलाबाई ऐकत होत्या. म्हणाल्या, "वीज कशी वाजती? कडकड. आन् ढग? गडगड. 'क' म्हंजी बारीक, 'ग' म्हंजी जाड. आपल्यात बी तसंच हाय की!"

मी हे साहेबांना सांगितलं. ते थक्क झाले. "या बाई कुठल्या विद्यापीठात शिकल्या?"

"मांडवगण फराटा," मी म्हणालो.

त्यांनी ते वहीत लिहून घेतलं! माझ्या प्रबंधाला चार वर्षं लागली होती.

*

एका रविवारी बापूने साहेबांना दौंडहून पुण्याला डेमू लोकलने नेलं. सोमवारी साहेब टेबलाशी येऊन हसत म्हणाले, "दौंडची गाडी! गातान-गोतोन!"

मी घाबरत भाषांतर केलं, "साहेब म्हणतात, दौंडची गाडी ढिली आहे."

बापूचे वडील रेल्वेत होते. तो ताडकन उठला. "त्यांना सांगा, पेटीला काय म्हणायचं ते म्हणा. गाडीला नाव ठेवायचं न्हाई!"

मग साहेबांनी हात पुढेमागे करून दाखवले आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. गातान-गोतोन हा तिकडे आगगाडीचा लाडका आवाज. चूक माझी होती. मी दोघांचीही माफी मागितली.

"अवो, मंग सरळ झुकझुक म्हणायचं ना!" बापू म्हणाला.

*

एकदा साहेबांनी शकुंतलाबाईंच्या डब्यातला ठेचा मागून खाल्ला. तासाभराने पोटावर हात ठेवून माझ्याकडे वळले. "गोरो-गोरो..."

मी तोंड उघडायच्या आत सहाही बायका एका सुरात म्हणाल्या, "गुडगुडतंय!" एकीने ओवा पुढे केला.

आपली इथे नक्की गरज काय, असं मला त्या दिवशी मनापासून वाटलं.

*

शेवटी परीक्षेचा दिवस आला. साहेबांनी वीस पेट्या मांडल्या. त्यांतल्या काही मुद्दाम ढिल्या केलेल्या. त्या सगळ्या टेबलाने बिनचूक काढल्या. मग शकुंतलाबाईंनी आणखी एक पेटी बाजूला ठेवली.

साहेब चमकले. "गाता-गाता?"

"न्हाई."

"काता-काता?"

"न्हाई वो. ह्यात खुळखुळ हाय."

साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. माझं डोकं कोरं! चाळीस वर्षं जपानी शिकवलं आणि ऐन वेळी शब्द नाही. सात जणांचं काम माझ्या जिभेवर अडकलेलं. शेवटी मान खाली घालून जपानी वाक्यात तोच शब्द बसवला: बाई म्हणतात, यात खुळखुळ आहे.

साहेबांनी पेटी कानाशी हलवली. त्यांना काहीच ऐकू येईना.

"उघडा की मंग!" बापू म्हणाला.

उघडली. आत लोखंडाचा छिलका, नखाच्या टोकाएवढा. आणि ती पेटी आमची नव्हतीच. उत्तम पेटी कशी असते ते दाखवायला साहेबांनी ती जपानहून आणली होती!

साहेब शकुंतलाबाईंपुढे कमरेत वाकले. म्हणाले, तपासणी इथेच राहील.

"ऱ्हाऊ द्या," बाई म्हणाल्या, "आधी ती पेटी झाका. आत धूळ जाईल."

मग साहेबांनी तपासणीच्या तक्त्यात 'गाता'च्या खाली नवा शब्द लिहिला, त्यांच्या लिपीत. मी वाकून पाहिलं आणि गार पडलो. त्या लिपीत ना ख आहे, ना ळ. 'खुळखुळ'चं 'कुरुकुरु' झालं होतं. आणि कुरुकुरु हा त्यांच्याकडे आधीपासूनच शब्द आहे. अर्थ, गोल गोल फिरणे!

सांगावं का? मंजुरीचा शिक्का अजून उमटायचा होता. मी गप्प बसलो.

तो तक्ता पुढे जपानच्या मूळ कारखान्यातही गेला. माझं ते गप्प बसणं मला बरीच वर्षं टोचत राहिलं. गेल्या वर्षी तिथला एक तरुण इंजिनिअर पुण्यात भेटला, तेव्हा धीर करून त्या शब्दाबद्दल विचारलं. तो म्हणाला, आमच्याकडे प्रत्येक पेटी कानाशी धरून तीनदा गोल फिरवतात.

"असं का?" मी विचारलं.

"तक्त्यात लिहिलंय ना! भारतातून आलेली पद्धत आहे. फिरवली की आतलं ऐकू येतं."