रिकाम्या पोत्याचं वजन

फेब्रुवारीतल्या एका मंगळवारी सकाळी साडेदहाच्या सुमारास दुर्गजवळ जुनवानीच्या रस्त्यावर पोलिसांनी माझ्या धाकट्या भावाची गाडी थांबवली. डिकीत तागाचं एक पोतं होतं. पोत्यात प्लास्टिकच्या पन्नीवर तपकिरी टेप गुंडाळलेली दहा पाकिटं होती आणि पाकिटांत गांजा होता. जप्तीच्या पंचनाम्यात वजन वीस किलो नऊशे ग्रॅम लिहिलं आहे. खाली भावाची सही आहे.

तो भाड्याची गाडी चालवायचा. गाडीत त्या वेळी दुसरं कोणी नव्हतं. पोतं एका प्रवाशाचं होतं, तो महासमुंदला बसला आणि दहा मिनिटांपूर्वी चहासाठी उतरला तो परत आलाच नाही, असं भावाने पोलिसांना सांगितलं. असा प्रवासी पुढे कोणाला सापडला नाही.

मी दुर्गला एका हिंदी दैनिकात डेस्कवर काम करते. संध्याकाळी पाच वाजता पोलिसांची प्रेसनोट नेहमीसारखी आली. सोबत फोटो होता. पुढे टेबलावर पाकिटं, मागे गमछ्याने तोंड झाकलेला माणूस, दोन्ही बाजूंना शिपाई. शर्ट मी ओळखला. दिवाळीला मीच घेऊन दिला होता. मी ती प्रेसनोट शेजारच्या टेबलावर दिली आणि संपादकांना नातं सांगितलं. ते म्हणाले, "खबर तो जाएगी." मी म्हणाले, जाऊ द्या. बातमी तीन कॉलमी लागली. मथळ्यात 'इक्कीस किलो गांजा' असं होतं.

बाबांना ठाण्यातून दुपारीच फोन आला होता. ते गेले नाहीत. दुसऱ्या दिवशी सकाळी हुडको वसाहतीतल्या घरी त्यांनी पेपर माझ्यासमोर ठेवला.

"तुह्या पेपरात आलं."

"हो."

"तूच लिवलं?"

"नाही. दुसऱ्याने."

"छापलं त् तुमीच ना." त्यांनी पेपरची घडी घातली. "त्याचं नाव या घरात घेऊ नोको. वकील-बिकील तुले करायचा असन त् कर. मले सांगू नोको."

आई चार वर्षांपूर्वी गेली. घरात आम्ही दोघंच होतो. त्या आठवड्यात आमच्यात याहून जास्त बोलणं झालं नाही.

वकीलबाई मला एका सहकाऱ्याने सुचवल्या. चाळिशीच्या, दुर्गच्या रेल्वे क्वार्टरात वाढलेल्या, मूळच्या नागपूरकडच्या. केस त्यांनी फोनवरच घेतली. पुढे आमच्या पहिल्या भेटीत त्यांनी मला खुर्ची दिली नाही. खुर्चीवर फायली होत्या आणि त्या त्यांनी उचलल्या नाहीत.

"ताई, तुमचा भाऊ मला तीन वेळा भेटला. एकदा म्हणाला, पोत्यात काय आहे माहीत नव्हतं. एकदा म्हणाला, दारू असेल असं वाटलं. एकदा म्हणाला, धमकी दिली होती. तिन्ही गोष्टी एकमेकींचा गळा दाबतात. त्याला माहीत होतं की नव्हतं, हे मला विचारू नका. मी कागदावर केस लढणार."

मग त्यांनी कायदा सांगितला. गांजा वीस किलोच्या वर असला तर ते व्यावसायिक प्रमाण. त्याला शिक्षा किमान दहा वर्षं आणि जामीन जवळपास नाहीच. वीसच्या खाली असला तर शिक्षा न्यायाधीशाच्या हातात, कमीही होऊ शकते. "तुमचा भाऊ नऊशे ग्रॅमनी वर आहे," त्या म्हणाल्या.

जामीन दुर्गला नाकारला गेला, नंतर बिलासपूरला उच्च न्यायालयातही. दोन्ही आदेशांत कारण एकच होतं, वजन.

भावाला मी पंधरा दिवसांतून एकदा भेटत होते. जाळीच्या पलीकडून तो बहुतेक हिंदीत बोलायचा. मराठी आमच्याकडे घरापुरतीच होती.

"काय ताई, फॉलोअप पाहिजे का? इस बार फोटो भी ले ले, गमछा नहीं है."

मी विचारलं, काही हवंय का.

"बाबा को बोल, एक बार आके गाली तो दे दें."

मी निरोप सांगितला. बाबा टीव्ही बघत होते. त्यांनी आवाज वाढवला.

पुढच्या जानेवारीत संक्रांतीच्या हळदीकुंकवाचं बोलावणं आमच्या दारापर्यंत आलं नाही. शेजारच्या दोन्ही दारांवर आलं. समोरच्या काकूंनी मला जिन्यात गाठून विचारलं, "तुमी पेपरात हाव ना, मंग दाबता नाही आलं का?" वरच्या मजल्यावरचे निवृत्त फोरमन बाबांना फाटकावर म्हणाले, "पोट्ट्याले मोकळं सोडलं का असंच होते." बाबांनी त्यांना सांगितलं, "बरोबर आहे." घरी येऊन त्यांनी ही गोष्ट मला स्वतःच सांगितली, शब्द न बदलता.

आरोपपत्राची प्रत मी जेवणाच्या टेबलावर ठेवली होती, ती मुद्दाम नाही. रविवारी सकाळी मी आंघोळीहून आले तेव्हा बाबा चष्मा लावून ती वाचत होते. जप्तीचं पान उघडं होतं.

"एकवीस कोनं लिवलं होतं?"

"पेपरात. डेस्कवर पूर्ण आकडा करतात."

"वीस नऊशेचे एकवीस. काटाघरात म्या असं केलं असतं त् नोकरी गेली असती."

बाबा पोलादाच्या प्लांटच्या काटाघरात एकतीस वर्षं होते. तिथे प्रत्येक ट्रक दोनदा काट्यावर चढतो, एकदा भरलेला आणि एकदा रिकामा. दोन्ही आकड्यांतला फरक म्हणजे माल. चढवण्याआधी काटा शून्यावर आहे का ते बघायचं, नसेल तर आधी तो शून्य करायचा. लहानपणी घरातल्या स्वयंपाकाच्या काट्यावर आम्हाला हेच करावं लागायचं.

त्यांनी पानावर बोट ठेवलं. "भरलेलं पोतं एक डाव तोललं. रिकामं कवा तोललं?"

"तोललं नाही."

"मंग याले मालाचं वजन कावून म्हणून राहिले?"

संध्याकाळी ते बाजारात गेले. एका किराणा दुकानातून तसंच तागाचं पोतं मागून त्यांनी ते तिथेच तोलून घेतलं. परत आल्यावर चप्पल काढता काढता म्हणाले, "पाचशे ऐंशी."

"म्हणजे वीसच्या खाली येईल?"

"म्या असं म्हटलं नाही. अजून तीनशे वीसच्या वर पाहिजे. टेप अन् पन्नी तितकी भरन का नाही, ते तोलल्याबिगर सांगन तो खोटा."

"वकीलबाईंना सांगू?"

"सांग. त्याच्यासाठी नाही सांगून राहिलो. तोल चुकीचा आहे म्हणून सांगून राहिलो."

वकीलबाईंनी ऐकून घेतलं आणि जप्तीचं पान पुन्हा काढलं. "काटा कोणाचा होता, हे मी बघितलं होतं. पोतं नाही बघितलं," त्या म्हणाल्या. त्या दिवशी त्यांनी खुर्चीवरच्या फायली उचलल्या.

ज्या किराणा दुकानदाराचा काटा जप्तीच्या वेळी मागवला होता, त्याची साक्ष सुनावणीच्या दुसऱ्या महिन्यात झाली. वकीलबाईंनी विचारलं, पोतं आणि पाकिटांची टेप वेगळी तोलली होती का. तो म्हणाला, "बोरी समेत तौले थे साहब. अलग करने को किसी ने बोला ही नहीं." तपास अधिकाऱ्याने आपल्या साक्षीत सांगितलं की पॅकिंगचं वजन नगण्य असतं. किती, असं विचारल्यावर त्याने अंदाज सांगायला नकार दिला.

माल अजून ठाण्याच्या मालखान्यात होता. तो न्यायालयात आणून रिकामं पोतं, पन्नी आणि टेप न्यायाधीशांसमोर तोलावी, असा अर्ज करता येत होता. गांजा दोन वर्षांत वाळला होता, त्यामुळे आज तो तोलून उपयोग नव्हता. पॅकिंग तोलायचं आणि ते जप्तीच्या वीस नऊशेतून वजा करायचं. नऊशेच्या वर भरलं तर भाऊ वीसच्या खाली येणार होता.

"आणि कमी भरलं तर सरकारी वकिलाचं काम मीच करून दिलं असं होईल," वकीलबाई म्हणाल्या. "आज आपण निदान शंका आहे असं म्हणू शकतो. मोजल्यावर तेही म्हणता येणार नाही. मला त्याची लेखी संमती हवी."

संमतीचा कागद घेऊन आम्ही दोघी तुरुंगात गेलो. भावाने तो वाचला.

"ये किसका आयडिया है?"

"बाबांचा."

"बाबा बोलले मोजा?"

"हो."

"तो गया मैं." तो वकीलबाईंकडे वळला. "मॅडम, तुम्हाले मालूम नाही हा माणूस. चौथीत मले गणितात एक मार्क जास्त भेटला होता. हा पेपर घेऊन मास्तरकडे गेला कमी करायले."

हे खरं आहे. तेव्हा मी नववीत होते. मार्क कमी झाला होता.

वकीलबाईंनी विचारलं, सही करतोस की नाही. त्याने केली.

तोलण्याची तारीख लागली त्या दिवशी बाबा सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून दारात उभे होते. मी त्यांना बोलावलं नव्हतं. दुर्गपर्यंत ते माझ्या स्कूटरवर मागे बसून आले. न्यायालयात ते शेवटच्या बाकावर बसले. भाऊ दोन शिपायांसोबत आत आला. त्यांनी एकमेकांना बघितलं की नाही, हे मला सांगता येणार नाही. मी काट्याकडे बघत होते.

इलेक्ट्रॉनिक काटा न्यायालयाच्या आदेशाने बाहेरून मागवलेला होता. मोहर तोडली गेली. पाकिटं एकेक करून फोडली, गांजा वेगळ्या प्लास्टिकच्या पोत्यात भरला. नमुन्यासाठी आधी फोडलेल्या दोन पाकिटांची टेप तागाच्या पोत्यातच होती. तिची नोंद घेतली. या सगळ्याला पाऊण तास लागला. खोलीत वास पसरला आणि खिडक्या उघडाव्या लागल्या. मग शिपायाने रिकामं पोतं उचललं.

"काटा शून्यावर नाही," बाबा म्हणाले.

न्यायाधीशांचा कारकून, पेशकार, ओरडला, "बैठिए." बाबा उभेच राहिले. वकीलबाई वळून त्यांच्याकडे बघत होत्या आणि मान नकारार्थी हलवत होत्या.

न्यायाधीशांनी विचारलं, काय म्हणताहेत.

बाबांनी हिंदीत सांगितलं, "साहब, खाली कांटा पैंतालीस ग्राम दिखा रहा है. पहले शून्य कराइए, फिर चढ़ाइए."

"आप कौन?"

"मुलजिम का बाप."

कठड्यातून हसण्याचा आवाज आला. भाऊ हसत होता. शिपायाने त्याचा दंड धरला. सरकारी वकील उठले आणि म्हणाले, त्यांची काही हरकत नाही, काटा अवश्य शून्य करावा. ते पंचेचाळीस ग्रॅम पॅकिंगच्या वजनात धरले जाऊन बचाव पक्षाच्या बाजूने जाणार होते, हे खोलीत सगळ्यांना कळत होतं.

काटा शून्य केला. तशी नोंद झाली. पोतं पाचशे पासष्ट ग्रॅम भरलं. त्याच्यावरच पन्नी आणि टेप ठेवली. आकडा थोडा हलला आणि थांबला. एकूण नऊशे पंच्याऐंशी.

बाहेर व्हरांड्यात वकीलबाईंनी बाबांना गाठलं. फायलींचा गठ्ठा त्यांनी छातीशी धरला होता आणि आवाज दाबलेला होता.

"काका, पंचेचाळीस ग्रॅम आपल्याकडे येत होते."

"ते आपले नव्हते."

"आणि आठशे साठच भरलं असतं तर? त्या पंचेचाळीसनेच आपण नऊशे ओलांडले असते."

"त् आठशे साठ लिवलं असतं."

"मग तुम्ही आलात कशाला?"

"तोल पाहाले." बाबांनी मला विचारलं, स्कूटर कुठे लावली.

निकाल सात आठवड्यांनी लागला. भावाचा बचाव न्यायालयाने मानला नाही. गाडी त्याची, डिकीची किल्ली त्याच्याकडे, प्रवाशाचा पुरावा नाही. तो दोषी ठरला. वजनाच्या मुद्द्यावर अंतिम युक्तिवादात सरकारी वकिलांनी न्यायालयातल्या काट्यावर शंका घेतली होती. निकालात त्यावर दोन वाक्यं आहेत. आरोपीच्या वडिलांनी लक्षात आणून दिल्यावर काटा दोन्ही पक्षांसमोर शून्य केला गेला, सबब या वजनावर शंका घेण्यास जागा नाही. गांजाचं निव्वळ वजन एकोणीस किलो नऊशे पंधरा ग्रॅम धरण्यात येत आहे.

शिक्षा पाच वर्षांची झाली. त्यात आत घालवलेली दोन वर्षं चार महिने वजा होतील.

आमच्या पेपरात चार ओळी आल्या. कॉपी माझ्याकडे आली होती, ती मीच बघितली. वजन ग्रॅमपर्यंत छापलं आहे.

पुढच्या शनिवारी बाबांनी तुरुंगाच्या खिडकीवर स्वतः भेटीचा अर्ज भरला. नात्याच्या रकान्यात 'पिता' लिहिलं. मी फाटकाबाहेर थांबले होते. त्यांचा अर्ज आतून परत आला. त्याच्या मागे शिपायाने निळ्या पेनाने लिहिलं होतं की कैद्याने भेटीस नकार दिला. वेळ अकरा चाळीस.