चौकशीच्या खिडकीवरचे मास्तर

बायको म्हणते, मी समोरच्याला वाक्य पुरं करू देत नाही. खरं आहे. पण तिने मला बाविसाव्या वर्षी पाहिलं असतं, तर आजच्या मला तिने मितभाषी ठरवलं असतं. माझ्या तोंडाला जो काही थोडाफार लगाम आहे तो मास्तरांनी घातला, आणि त्यासाठी आधी त्यांची स्वतःची फजिती व्हावी लागली.

मास्तर म्हणजे परदेशात शिकत असताना माझ्या खोलीतले जोडीदार. गावी एका शाळेत चौदा वर्षं विज्ञान शिकवलेलं. दोन वर्षांची रजा टाकून पाणी शुद्ध करण्याचं शास्त्र शिकायला आले होते. वय एकेचाळीस. मागे बायको आणि सहावीतली मुलगी. विद्यापीठाने आम्हा दोघांना एका खोलीत टाकलं तेव्हा मी कपाळाला हात लावला. मला हवा होता मित्र, आणि वाट्याला आले मास्तर.

पहिल्याच आठवड्यात मी लोकरीचा स्वेटर धुण्याच्या यंत्रात कडक गरम पाण्यावर लावला. बाहेर आला तो बाहुलीच्या मापाचा. मास्तर हसले नाहीत. त्यांनी तो कापून गरम भांडी उतरवायला दोन जाड फडकी शिवली. ती फडकी आजही माझ्या ओट्यावर आहेत आणि बायकोला ती टाकू देत नाही.

हळूहळू आमचा संसार लागला. घरातलं मास्तरांनी बघायचं, बाहेरचं मी. भात, बटणं, गळका नळ, खिडकीच्या फटीत कोंबायचा कागद हे त्यांचं खातं. बँक, टपाल, दवाखाना, घरमालकीण, विद्यापीठाचं ऑफिस, म्हणजे जिथे जिथे तोंड उघडावं लागतं ते सगळं माझं. तिथली भाषा मास्तर माझ्यापेक्षा चांगली वाचायचे, लिहायचेही. बोलायची वेळ आली की मात्र आधी मनात वाक्य नीट जुळवायचे. ते जुळेपर्यंत समोरचा माणूस पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळलेला असायचा. मला ते बघवायचं नाही. मी लगेच मध्ये पडायचो. "यांना असं म्हणायचंय," म्हणून घडाघडा सांगून मोकळा. मास्तर शेजारी उभे राहून मान हलवायचे. बाहेर आल्यावर "तू होतास म्हणून झालं बाबा" म्हणायचे, आणि मी दिवसभर हवेत.

वर्ष संपताना त्यांची तोंडी परीक्षा झाली. ते आले, चपला नीट जागेवर ठेवल्या आणि म्हणाले, "नापास."

"काय विचारलं त्यांनी?"

"मला येत होतं ते सगळं. पहिला प्रश्न विचारला आणि मी उजवीकडे बघितलं." मग म्हणाले, "तू उजवीकडे असतोस ना."

मला सुचलं ते भलतंच. मी चिडलो. म्हणालो, मी काय तुमच्या वाईटावर होतो का, वर्षभर कामधंदा सोडून तुमच्यामागे फिरलो त्याचं हे फळ. मास्तरांनी सगळं ऐकून घेतलं. "तू मदतच केलीस. मीच तुझ्या आड लपलो. पण आता माझ्यासाठी बोलू नकोस."

फेरपरीक्षा तीन महिन्यांनी होती. तीही गेली की रजा रद्द, सामान बांधून घरी, आणि शाळेत सगळ्यांच्या नजरा झेलत पुन्हा सातवीचा वर्ग. त्याच वर्गात त्यांची मुलगी.

मी तीन दिवस फुगून बसलो आणि स्वतःचा भात स्वतः करपवला. चौथ्या दिवशी मास्तर संध्याकाळी कोट घालून निघाले. रोज निघायला लागले. न राहवून एकदा मी गुपचूप मागे गेलो. ते गेले रेल्वे स्टेशनवर, चौकशीच्या खिडकीपाशी रांगेत उभे राहिले. मी पेपरच्या टपरीआड. त्यांचा नंबर आला तसं त्यांनी विचारलं, "विमानतळाची गाडी कुठल्या फलाटावरून सुटते?" खिडकीतल्या चष्मेवाल्या बाईंनी भरभर उत्तर दिलं. मास्तर तिथेच उभे. मागचे लोक चुळबुळ करायला लागले. माझी जीभ अशी वळवळत होती म्हणून सांगू. फलाट चार, मला ऐकू आलं होतं, एका उडीत जाऊन सांगितलं असतं. मी दात आवळून उभा राहिलो. आयुष्यात एवढे कष्ट मी क्वचितच घेतलेत.

मास्तर म्हणाले, "जरा हळू सांगाल का?"

बाईंनी वर बघितलं आणि एकेक शब्द सुटा करून सांगितलं. मास्तरांनी आभार मानले आणि ते वळले, तो समोर मी.

"रोज हेच विचारता?" मी म्हटलं.

"उत्तर आधी ठाऊक असलं की भीती कमी वाटते. मग नुसतं ऐकायचं आणि बोलायचं."

"पण विमानतळाचीच गाडी का?"

"नापास झालो तर तीच धरायचीय. निदान ती तरी कुणाच्या आधाराशिवाय धरावी म्हणतो."

त्या संध्याकाळी मी त्यांच्याकडून भात शिकलो. पाणी बोटाच्या पेराने मोजायचं, झाकण सारखं उघडायचं नाही. "तुझ्याच्याने हे दुसरं व्हायचं नाही," ते म्हणाले, आणि पहिल्यांदाच मोठ्याने हसले.

फेरपरीक्षेला त्यांनी मला फाटकापुढे येऊ दिलं नाही. तासाभराने बाहेर आले ते घामाघूम. दुसऱ्याच प्रश्नाला अडकले होते. उजवीकडे मान वळलीही होती म्हणे. मग त्यांनी परीक्षकांना सांगितलं, "जरा हळू सांगाल का?" त्यांनी सांगितलं, मास्तरांनी फळ्यावर आकृती काढली आणि मग स्वतःच्या वर्गात बोलावं तसे बोलत सुटले. पास झाले. मी फाटकापाशी रडलो, आणि ते बिनधास्त सांगतो.

पुढचं वर्ष भुर्रकन गेलं. मास्तर शनिवारी स्टेशनवर जातच राहिले. बाईंची खुशाली विचारायचे आणि सवयीने तो प्रश्नही.

ते निघाले त्या दिवशी दोन्ही बॅगा मी उचलल्या. फलाट चार आम्हा दोघांनाही झोपेत सांगता आला असता. तरी मास्तर रांगेत उभे राहिले. मी त्यांच्या डाव्या बाजूला उभा होतो.

"विमानतळाची गाडी कुठल्या फलाटावरून सुटते?"

"चार नंबर, नेहमीचाच," बाई हसून म्हणाल्या. मग त्यांना बॅगा दिसल्या. त्यांनी चष्मा काढला. "आज खरंच जायचंय?"

"हो," मास्तर म्हणाले. "मुलीच्या शाळेत जायचंय. शिकवायला."

फलाटावर गाडी लागलेली होती. काय काय बोलायचं ते मी आठवडाभर ठरवून ठेवलं होतं. मास्तर दारात उभे राहून वाट बघत होते आणि माझ्याच्याने वाक्य जुळेना. त्यांनी मला घाई केली नाही, मध्येच बोललेही नाहीत. गाडी हलेपर्यंत ते तसेच थांबले.